‘गॉसिप’ हा शब्द आला कुठून आणि त्याचा अर्थ बदलला कसा?

प्रश्न असा आहे: ‘गॉसिप’ हा शब्द इंग्रजीतल्या ‘गो सिप’, म्हणजे ‘जा, घोट घे’ यावरून आला, हे खरे का? पूर्वी इंग्लंडातले पुढारी आपली माणसे दारूच्या गुत्त्यांत पाठवत, ती पेल्यातला घोट घेत लोकांचे बोलणे ऐकत आणि परत येऊन सांगत, अशी ती कथा. ती खोटी असेल तर शब्दाचे मूळ काय आणि मराठीत त्याला नेमके काय म्हणायचे?

कथा खोटी आहे. मी इंग्रजी भाषेचा इतिहास बरीच वर्षे शिकवते आणि जुन्या इंग्रजीतून मराठीत भाषांतरेही करते. या एका शब्दावर माझा विशेष जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी ‘गो सिप’चे पाहू. शब्दाची कुंडली मांडताना पहिली पाहायची गोष्ट म्हणजे तो जुन्या लिखाणात कोणत्या रूपात सापडतो. ‘गॉसिप’चे सर्वांत जुने रूप ‘गॉडसिब’ आहे. यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याचे १०१४ च्या सुमाराचे एक प्रवचन प्रसिद्ध आहे. डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी इंग्लंड पोळून निघत असताना तो आपल्या लोकांची पापे मोजून दाखवतो आणि म्हणतो की या देशात जागोजागी कितीतरी ‘गॉडसिब’ आणि ‘गॉडबेर्न’ नाहीसे केले गेले. ‘गॉडबेर्न’ म्हणजे देवाच्या नात्याने झालेले लेकरू. ‘गॉडसिब’मधला ‘सिब’ म्हणजे नातलग, सोयरा. आजच्या ‘सिब्लिंग’मध्ये तोच आहे आणि जर्मन ‘झिप्पे’, म्हणजे भाऊबंद, हाही त्याच कुळातला. पुढे बोलता बोलता ‘ड’ पुढच्या ‘स’मध्ये विरला आणि ‘गॉसिब’ झाले. शेवटचा ‘ब’ कठोर होऊन ‘प’ झाला तो त्यानंतर. ‘गॉस्पेल’ या शब्दाचेही असेच झाले आहे. मुळात तो ‘गोडस्पेल’, म्हणजे चांगली वार्ता; त्यातलाही ‘ड’ असाच गेला. म्हणजे ज्या ‘सिप’वर सगळी कथा उभी आहे, तो ‘सिप’ शब्दात कित्येक शतकांनी, उच्चार घासून तयार झाला. आजचे स्पेलिंग फोडून जी व्युत्पत्ती सांगितली जाते, तिच्याकडे नेहमीच संशयाने पाहावे.

आता ‘गॉडसिब’ म्हणजे नेमके कोणते नाते? ख्रिस्ती घरात मुलाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याच्या वतीने श्रद्धेची वचने द्यायला धर्मपिता आणि धर्ममाता उभे राहतात. मुलाशी त्यांचे नाते जडते हे उघड आहे. पण मुलाच्या आईबापांशीही त्यांचे नाते जडते, आणि जुन्या युरोपात त्या नात्याचे वजन फार होते. मराठी माणसाला हे समजायला सोपे जावे, कारण आपल्याकडे व्याही आणि विहीण आहेत. दोन घरांतल्या वडीलधाऱ्यांचे आपसांत रक्ताचे काही नसते, पण मुलांच्या लग्नाने ते एकमेकांचे सोयरे होतात आणि त्या सोयरिकीला नाव असते. ‘गॉडसिब’ हे तसेच आडवे नाते. फक्त ते लग्नाऐवजी बाप्तिस्म्याने जडायचे. चर्च ते इतके खरे मानत असे की मुलाची आई विधवा झाली तरी त्याच्या धर्मपित्याला तिच्याशी लग्न करता येत नसे. ही नाती एवढी फैलावली की कोणाचे कोणाशी लग्न चालते हेच कळेना. शेवटी कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ मध्ये त्यांची मर्यादा आखून दिली. प्रॉटेस्टंट इंग्लंडात तो लग्नाचा अडसर उरला नाही, पण बाप्तिस्म्याला उभे राहण्याची रीत टिकली. १६६२ च्या तिथल्या प्रार्थनाग्रंथात नियमच आहे: मुलगा असेल तर दोन धर्मपिते आणि एक धर्ममाता, मुलगी असेल तर एक धर्मपिता आणि दोन धर्ममाता. म्हणजे दर लेकरामागे तीन गॉसिप.

मग हे पवित्र नाते कुचाळकीपर्यंत कसे आले? माझ्या मते ते एका उडीत आले नाही, आणि वाटेतला प्रत्येक मुक्काम पाहिल्याशिवाय शब्द कळत नाही.

पहिला मुक्काम मैत्रीचा. आपण बाप्तिस्म्याला कोणाला बोलावतो? विश्वासातल्या माणसाला. त्यामुळे चौदाव्या शतकात ‘गॉसिब’ म्हणजे जिवाभावाचा माणूस, असा अर्थ सर्रास दिसतो. तो पुरुषालाही चाले. त्या शतकातला इंग्रज कवी लँगलंड याच्या काव्यात खादाडपणा माणसाचे रूप घेऊन पापाची कबुली द्यायला चर्चकडे निघतो; वाटेत दारू गाळणारी बेटन त्याला ‘गॉसिब’ म्हणून हाक मारते, माझ्याकडे चांगली एल, म्हणजे बिअरसारखी दारू, आहे म्हणते आणि तो गुत्त्यात शिरतो. गुत्त्याचा संबंध इथे खराच आहे, पण त्यातला ‘गॉसिब’ म्हणजे ‘अहो पाहुणे’ किंवा ‘अरे मित्रा’ अशी आपुलकीची साद आहे.

त्याच काळातला कवी चॉसर याच्या कथाकाव्यातली बाथगावची बाई तर या शब्दाची जणू जिवंत व्याख्याच सांगते. तिची ॲलिसन नावाची गॉसिब आहे. आपले मन आणि आपली गुपिते गावच्या पाद्र्यापेक्षा हिला जास्त ठाऊक होती, असे ती म्हणते. पुढे तर ती सांगते, नवरा नुसता भिंतीवर लघवी करून आला असता तरी ते मी हिला, आणखी एका भल्या बाईला आणि माझ्या भाचीला सांगितले असते. आणि तसे ती वरचेवर सांगायचीही, इतके की नवऱ्याचे तोंड लाजेने लाल होई. शब्दाचा पुढचा सगळा प्रवास या काही ओळींत दिसतो. जिवलग माणसापाशी मन मोकळे होते, मोकळ्या मनातून घरातली गोष्ट बाहेर पडते आणि ऐकणारी एकाऐवजी तीन माणसे होतात. आपण ज्याला गुपित षट्कर्णी होणे म्हणतो ते हेच. पण लक्षात घ्या, चॉसरच्या वेळी ‘गॉसिब’चा अर्थ अजून मैत्रीणच आहे. चहाडखोर असा अर्थ त्यात आलेला नाही.

दुसरा मुक्काम बाळंतिणीच्या खोलीचा, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण शब्दाचे रूप पालटले ते इथेच. सोळाव्या आणि सतराव्या शतकातल्या इंग्लंडात बाईला कळा सुरू झाल्या की नवरा सुईणीला आणि बायकोच्या ‘गॉसिप’ना बोलवायला धावे. यात आई, बहिणी, शेजारणी, मैत्रिणी, सगळ्या आल्या. धर्ममाताच असायला हवी असे राहिले नव्हते. खोलीच्या खिडक्या झाकत, कुलपाची भोकेसुद्धा बुजवत, शेकोटी पेटवत. ‘कॉडल’ नावाचे गरम पेय करत: एल किंवा वाईन, त्यात साखर, मसाले आणि दाटपणाला पेज किंवा अंडे. ते बाळंतिणीलाही मिळे आणि गॉसिपनाही. पुरुषाला आत मज्जाव. बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नसे आणि बाळाचा बाप्तिस्मा मात्र काही दिवसांतच उरकावा लागे, कारण तान्ह्या मुलांचा भरवसा नसे. साहजिकच बाळाला चर्चमध्ये घेऊन जाणारी माणसे आईऐवजी गॉसिप असत. तिथून परतल्यावर जेवण. त्या जेवणालाच ‘गॉसिपिंग’ म्हणत.

एवढ्या बायका एका बंद खोलीत, तास न् तास. बोलणे कशाचे होणार? कोणाला कसा त्रास झाला, कोणते औषध लागू पडले, कोणाचा नवरा कसा वागतो. लेखी पुस्तके बहुतेकींच्या वाचनाबाहेर होती. बाळंतपणाचे सगळे ज्ञान या खोलीतच एकीकडून दुसरीकडे जाई. त्या काळच्या लंडनमधला आरमारी खात्यातला अधिकारी सॅम्युअल पेप्स याची रोजनिशी याची सुरेख साक्ष देते. २६ जुलै १६६४ रोजी तो अशाच एका गॉसिपांच्या जेवणाला गेला. आधी दीड डझन वाईनच्या बाटल्या पाठवल्या होत्या. जेवण झाल्यावर बायका वरच्या मजल्यावर गेल्या तर हाही त्यांच्या मागोमाग गेला, त्यांच्यात एकटाच पुरुष. त्याला मूलबाळ नव्हते. त्याने बायकांना सरळ विचारले की आम्ही काय करावे? आणि त्यांनी हसतखेळत दहा सल्ले दिले, ते त्याने क्रमांक घालून लिहून ठेवले: सेज या औषधी पाल्याचा रस प्यावा, पोट गरम आणि पाठ थंड ठेवावी, आतले कपडे पातळ गार कापडाचे वापरावेत, असे बरेच काही. सल्ले लागू पडले नाहीत, त्याला मूल झाले नाही. पण शिकलेल्या, हुद्द्यावरच्या माणसाला हा प्रश्न कुठे न्यावासा वाटला ते पाहा. गॉसिपांचे बोलणे तेव्हा केवळ रिकामी बडबड मानले जात असते, तर ते त्याने क्रमांक घालून टिपले नसते.

या बायकांचे आणखी एक काम होते, साक्षीचे. मूल खरोखर कोणाचे, जिवंत जन्मले की मेलेले, हे सांगू शकणाऱ्या त्याच. अविवाहित मुलीच्या कळा ऐन भरात असताना सुईण तिला बापाचे नाव विचारी आणि जवळच्या बायका ते ऐकत. पोसण्याचा खर्च कोणावर टाकायचा हे त्यावर ठरे. जन्माची साक्ष किती मोलाची होती हे राजघराण्याच्या एका प्रसंगावरून कळते. १० जून १६८८ रोजी दुसऱ्या जेम्स राजाच्या राणीला, मॉडेनाच्या मेरीला, मुलगा झाला. राजा कॅथलिक, मुलगा झाला म्हणजे पुढेही कॅथलिक राजा येणार. लगेच वावडी उठली की मूल राणीचे नाहीच, अंथरूण शेकायच्या निखाऱ्यांच्या भांड्यात घालून ते कोणीतरी आत आणले. खोलीत माणसांची दाटी होती तरी लोकांनी ती मानली. ऑक्टोबरमध्ये राजाला खास सभा बोलावून तिथे हजर असलेल्या चाळीसहून अधिक जणांच्या साक्षी नोंदवून छापाव्या लागल्या. उपयोग झाला नाही. वर्ष संपण्याआधी राजा देश सोडून पळाला. खोलीत असलेल्यांचे बोलणे आणि खोलीत नसलेल्यांचे बोलणे यांची ती लढत होती, आणि दुसरे जिंकले.

तिसरा मुक्काम बदनामीचा. दाराबाहेर ठेवलेल्या माणसाला आतले हसणे ऐकू येते आणि ते आपल्याविषयीच आहे असे वाटते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘गॉसिप’ म्हणजे इकडचे तिकडे करणारी बाई, हा अर्थ लिखाणात दिसू लागतो. पण जुना अर्थ मेला नव्हता. शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’च्या शेवटी ताटातूट झालेली मुले आईला परत मिळतात; तेहतीस वर्षे मी तुमच्या कळा सोसत होते, असे ती म्हणते आणि सगळ्यांना गॉसिपांच्या जेवणाला बोलावते. मुले जणू आजच जन्मली. इथे शब्द बाप्तिस्म्याच्या पावित्र्यासकट आला आहे. त्याच लेखकाच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ज्युलिएटची बाजू घेणाऱ्या दाईला तिचा मालक झिडकारतो, की तुझे शहाणपण तुझ्या गॉसिपांच्या पेल्यापाशी जाऊन पाजळ. पहिल्या नाटकात शब्दाला मान आहे आणि दुसऱ्यात हेटाळणी आहे, आणि दोन्ही नाटके काही वर्षांच्या अंतरातली.

म्हणूनच ‘बायकांची एकजूट मोडण्यासाठी या शब्दाचा अर्थ ठरवून बिघडवला’ असे जे हल्ली सांगितले जाते, ते मला अर्धेच पटते. बायकांच्या बोलण्याचा राग होता, हे निर्विवाद. तंडखोर ठरवलेल्या बाईच्या तोंडात लोखंडी लगाम अडकवून गावभर फिरवण्याची शिक्षा स्कॉटलंडात आणि इंग्लंडच्या काही गावांत होती. पण कायद्याच्या भाषेत त्या गुन्हेगार बाईला ‘स्कोल्ड’ म्हणत. ‘गॉसिप’ हा गुन्हा नव्हता. आणि कोणी ठरवून अर्थ फिरवला असता तर जुना अर्थ त्याच्या शेजारी दोनशे वर्षे नांदला नसता. १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनने आपला कोश काढला तेव्हा त्याने या शब्दाचे तीन अर्थ दिले: बाप्तिस्म्याला मुलासाठी उभे राहणारा माणूस, बरोबर बसून पिणारा सोबती, आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या बायकांसारखे गावभर सांगत सुटणारी व्यक्ती. तिसऱ्या अर्थात तिरस्कार आहेच, पण बाळंतिणीची खोलीही आहे. जॉन्सनने शब्दाची वाट बरोबर ओळखली होती.

चौथा मुक्काम अगदी अलीकडचा, आणि बहुतेकांना तो ठाऊक नसतो. इथपर्यंत ‘गॉसिप’ म्हणजे माणूस होता. ‘ते बोलणे’ या अर्थाने हे नाम १८११ च्या आसपास दिसू लागते. म्हणजे आज आपण ज्या अर्थाने तो शब्द रोज वापरतो, तो हजार वर्षांच्या आयुष्यातल्या शेवटच्या दोनशे वर्षांचा आहे. नाते, मग माणूस, मग माणसाचे बोलणे.

आणि ही एकट्या इंग्रजीची गोष्ट नाही. लॅटिन ‘कोमातेर’, म्हणजे सह-आई, यातून फ्रेंचमध्ये ‘कोमेर’ आला. त्याचा अर्थ बडबडी बाई असा झाला आणि तिच्या बोलण्याला ‘कोमेराज’ म्हणू लागले. स्पॅनिशमध्ये ‘कोमाद्रे’वरून ‘कोमाद्रेआर’ म्हणजे कुचाळक्या करणे, आणि त्याच ‘कोमाद्रे’वरून ‘कोमाद्रोना’ म्हणजे सुईण. बाप्तिस्मा, बाळंतपण आणि बोलणे, तिन्ही एका शब्दात. रशियनमध्ये ‘कुमा’ ही मुलाची धर्ममाता आणि ‘कुमुश्का’ ही गावच्या बातम्या करणारी बाई. इतक्या भाषांत तोच उतार आहे, याचे कारण मला बाळंतपण आणि बाप्तिस्मा या प्रसंगातच दिसते, जिथे बायका एकत्र जमून बोलत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजांकडून आलेले ‘पाद्रीन’ आणि ‘मादरीन’ हे शब्द मात्र आजही बाप्तिस्म्याच्या मानाचेच राहिले आहेत.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी आपल्या ‘गॉसिप’ला इथला एक सोबतीही शोधला होता. त्यांच्या छावण्यांत आणि क्लबांत ‘गप’ हा शब्द इतका रुळला की १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची नोंद आहे. तो फारसीतून हिंदुस्थानीत आलेला, आपल्या ‘गप्पा’ त्याच्याच. उलट दिशेने ‘गॉसिप’ मराठीत आला तो, माझ्या समजुतीप्रमाणे, मुख्यतः मुंबईच्या सिनेमासिकांमुळे. बाबूराव पटेलांचे ‘फिल्मइंडिया’ १९३५ मध्ये निघाले, ‘स्टारडस्ट’ १९७१ मध्ये. नटनट्यांच्या खासगी आयुष्याच्या बातम्यांना नाव हवे होते आणि ते इंग्रजीच राहिले. म्हणून मराठीत ‘गॉसिप’ म्हटले की आधी सिनेमा आठवतो, आणि ऑफिसातल्या डबा खातानाच्या गप्पा नंतर.

आता मराठी प्रतिशब्द. एकच शब्द शोधू नका, कारण मराठीने हे काम वाटून दिले आहे. चहाडी आणि चुगली वर जाते: साहेबाकडे, सासूकडे, मास्तरांकडे, तिच्यात कोणाचे तरी नुकसान करायचा हेतू असतो. अफवेला धनी नसतो. हा शब्द अरबी ‘अफवाह’, म्हणजे ‘तोंडे’. कोणाच्या तोंडून निघाली ते सांगता येत नाही, एवढेच. कंडी पिकवणारा ती जाणूनबुजून पिकवतो. निंदेत निवाडा असतो. उखाळ्यापाखाळ्या समोरासमोरही काढता येतात. गावगप्पा आणि चकाट्या यांत रिकामा वेळ महत्त्वाचा, विषय कोणताही. ‘गॉसिप’ला लागते ते वेगळेच: बोलणारे दोघे एकमेकांच्या जवळचे, ज्याच्याविषयी बोलायचे तो दोघांच्या ओळखीचा, आणि तो तिथे नसलेला. याच्या सर्वांत जवळ ‘कुचाळक्या’ आणि ‘कुटाळक्या’ येतात, पण त्यांत दोष ठरवूनच बोलणे येते. ‘गॉसिप’मध्ये कधी कधी काळजीही असते. त्यामुळे आजच्या बोलण्यात ‘गॉसिप’ तसाच ठेवायला माझी हरकत नाही.

जुना मजकूर भाषांतरित करताना मात्र आधी साल पाहा. चौदाव्या शतकातल्या ‘गॉसिब’ला ‘सखी’, ‘गडी’ किंवा संबोधन असेल तर ‘बाई गं’, ‘पाहुणे’ असे काही लावा. बाप्तिस्म्याचा संदर्भ असेल तर धर्मपिता किंवा धर्ममाता. बाळंतपणाचा असेल तर ‘जमलेल्या शेजारणी’ पुरे. ज्युलिएटच्या दाईला मालक जे बोलतो, तिथे ‘चहाडखोर बायका’ असे भाषांतर मी छापलेले पाहिले आहे आणि ते चुकीचे आहे. तिने कोणाची चहाडी केलेली नाही. तिने एका मुलीची बाजू घेतली आहे, आणि मालक तिला सांगतो आहे की तुझी जागा तुझ्या मैत्रिणींत आहे, इथे नाही. तिथे ‘जा, तुझ्या सयांपाशी बडबड’ असे काहीतरी हवे.